क्लबची खुर्ची आणि चर्चची खुर्ची

३ ऑक्टोबर २०२२ रोजी मेलबर्नच्या एसेंडन फुटबॉल क्लबनं नवा मुख्य कार्यकारी अधिकारी जाहीर केला. ४ ऑक्टोबरला त्यानं राजीनामा दिला. पैशाची अफरातफर नव्हती, बायोडेटात खोटी पदवी नव्हती, जुना गुन्हाही नव्हता. अँड्र्यू थॉरबर्न हे गृहस्थ एका चर्चच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष होते आणि ती खुर्ची सोडायला तयार नव्हते, एवढंच.

असे वाद आता दर काही महिन्यांनी येतात. डिसेंबर २०२४ मध्ये इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये कर्णधारांच्या दंडपट्टीवरून तेच झालं. दर वेळी दोन तट पडतात. एक म्हणतो, श्रद्धेपायी माणसाची नोकरी घालवली. दुसरा म्हणतो, बरं झालं, असल्या विचारांच्या माणसाला क्लबमध्ये जागाच नको. दोघंही मधला एक प्रश्न गाळतात: त्या माणसाचं पद नेमकं काय, आणि त्याच्या धर्मातली कोणती गोष्ट त्या पदाच्या आड येते?

क्लबचा मालक कोण?

एसेंडन हा ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा क्लब. या खेळात लंबगोल मैदानावर प्रत्येक बाजूचे १८ जण खेळतात, आणि मेलबर्नमध्ये त्याचं वेड आपल्याकडच्या क्रिकेटएवढंच. इथले बहुतेक क्लब कुणा उद्योगपतीच्या मालकीचे नाहीत, ते सभासदांचे आहेत. २०२२ मध्ये एसेंडनचे ८०,००० हून अधिक सभासद होते.

ही रचना मराठी वाचकाला चटकन कळेल, कारण ती बरीचशी सहकारी साखर कारखान्यासारखी आहे. सभासद आहेत, संचालक मंडळ आहे, मंडळाचा अध्यक्ष आहे आणि मंडळानं पगारावर नेमलेला कार्यकारी संचालक आहे. क्लबचा मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणजे हा शेवटचा माणूस. संघ निवडणं आणि डावपेच आखणं हे प्रशिक्षकाचं काम. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडे अर्थसंकल्प, प्रायोजक, नोकरभरती, सभासद नोंदणी येते आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तक्रारी येतात. क्लबमध्ये कुणाला हिणवलं, कुणाला डावललं, तर कागद फिरत फिरत शेवटी त्याच्याच टेबलावर पोचतो.

त्याच वर्षी एसेंडनचा महिला संघ राष्ट्रीय लीगमध्ये पहिल्यांदा उतरला होता आणि ऑक्टोबरमध्ये त्यांचा हंगाम ऐन भरात होता. महिलांच्या या लीगमध्ये उघडपणे समलिंगी असलेल्या खेळाडू बऱ्याच आहेत. क्लबच्या समलिंगी समर्थकांचा ‘पर्पल बॉम्बर्स’ नावाचा गटही आहे. त्यामुळे तक्रारीचा कागद कुणाच्या टेबलावर जाणार, हा प्रश्न तिथं पुस्तकी नव्हता.

त्या दोन दिवसांत काय घडलं

थॉरबर्न पूर्वी नॅशनल ऑस्ट्रेलिया बँकेचे प्रमुख होते. बँकांच्या गैरव्यवहारांची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनच्या अहवालात टीका झाल्यावर फेब्रुवारी २०१९ मध्ये त्यांनी ते पद सोडलं. नेमणुकीवर टीका व्हायचीच तर ती बँकेच्या इतिहासावरून होईल, असं कुणालाही वाटलं असतं. झाली मात्र चर्चवरून.

‘सिटी ऑन अ हिल’ हे चर्च अँग्लिकन पंथातलं, म्हणजे मुख्य प्रवाहातलं, कुठला आडवाटेचा संप्रदाय नव्हे. पत्रकारांनी त्याचं संकेतस्थळ उघडलं. तिथं २०१३ च्या एका प्रवचनात समलिंगी संबंध ठेवणं हे पाप मानलं होतं आणि दुसऱ्या मजकुरात गर्भपाताची तुलना छळछावण्यांशी केली होती. व्हिक्टोरिया राज्याचे तेव्हाचे मुख्यमंत्री डॅनियल अँड्र्यूज स्वतः एसेंडनचे चाहते. त्यांनी या मतांचा कडक शब्दांत जाहीर निषेध केला. संध्याकाळपर्यंत क्लबचे अध्यक्ष डेव्हिड बारहॅम यांच्या मंडळानं थॉरबर्न यांना सांगितलं, दोन्ही पदं एकत्र चालणार नाहीत, एक निवडा. त्यांनी चर्च निवडलं.

क्लबचं निवेदन बारकाईनं वाचण्यासारखं आहे. ही मतं थॉरबर्न यांनी स्वतः मांडलेली नाहीत आणि ते चर्चचे अध्यक्ष होण्याआधीची आहेत, हे त्यात क्लबनंच मान्य केलं. शिवाय हा कुणाच्या वैयक्तिक श्रद्धेचा प्रश्न नसून ‘हितसंबंधांच्या संघर्षाचा’ आहे, असंही म्हटलं. थॉरबर्न यांचं म्हणणं उलट होतं: आपली ख्रिस्ती श्रद्धा सार्वजनिक जीवनात चालवून घेतली जात नाही, हे त्या दिवशी आपल्याला स्पष्ट झालं.

मनात, तोंडात आणि खुर्चीत

हा गुंता सोडवायला श्रद्धेचे तीन मजले वेगळे करावे लागतात.

पहिला मजला मनातला. माणूस काय मानतो, कुठं प्रार्थना करतो, उपास धरतो का. यावरून नोकरी नाकारणं बहुतेक लोकशाही देशांत बेकायदा आहे आणि त्यावर फारसा वादही नाही.

दुसरा मजला तोंडातला, म्हणजे ती श्रद्धा जाहीर बोलण्याचा. ऑस्ट्रेलियाचा रग्बीपटू इस्रायल फोलाऊ यानं एप्रिल २०१९ मध्ये इन्स्टाग्रामवर लिहिलं की समलिंगी, दारुडे, व्यभिचारी वगैरेंची वाट नरक बघतोय. मे महिन्यात रग्बी ऑस्ट्रेलियानं त्याचा करार रद्द केला. डिसेंबरमध्ये तडजोड झाली आणि न्यायालयाचा निकाल काही आलाच नाही. फोलाऊबद्दल तुमचं मत काहीही असो, तो स्वतः बोलला होता आणि खेळाडूंची आचारसंहिता त्याच्या करारातच होती. संघटनेला बोट ठेवायला जागा होती.

तिसरा मजला खुर्चीतला. माणूस काही बोललेला नाही, पण बोलणाऱ्या संस्थेचा कारभार त्याच्या हाती आहे. थॉरबर्न इथं होते. त्यांनी मुलाखतीत सांगितलं की आपलं काम चर्चचा कारभार पाहण्याचं, प्रवचन द्यायचं नाही, आणि तिथलं प्रत्येक वाक्य आपल्याला पटतंच असंही नाही.

चर्चच्या बाकावर बसणारा आणि चर्चच्या मंडळाचा अध्यक्ष यांत फरक नाही असं म्हणणं भाबडेपणाचं आहे. अध्यक्ष पाद्र्याला जाब विचारू शकतो. संकेतस्थळावर काय राहावं, याबद्दल त्याच्या शब्दाला वजन असतं. उलट, अध्यक्ष झाला म्हणून संस्थेनं नऊ वर्षांपूर्वी काढलेला प्रत्येक शब्द त्याच्या खात्यावर मांडणं हाही तितकाच आळशी हिशोब आहे.

‘हितसंबंधांचा संघर्ष’ इथं बसतो का?

मला वाटतं, नाही बसत. क्लबनं चुकीचं हत्यार उचललं.

हितसंबंधांचा संघर्ष म्हणजे एकाच निर्णयात एका माणसाचे दोन वाटे असणं. जिल्हा बँकेचा संचालकच साखर कारखान्याचा अध्यक्ष आहे आणि कारखाना त्या बँकेकडे कर्ज मागतो. कर्ज देणारा तोच, घेणाराही तोच. खेळातलं ठळक उदाहरण आपल्याच क्रिकेटमध्ये आहे. एन. श्रीनिवासन क्रिकेट मंडळाचे प्रमुख होते आणि चेन्नई सुपर किंग्ज त्यांच्या इंडिया सिमेंट्स कंपनीचा संघ. पदाधिकाऱ्यांना आयपीएलमध्ये व्यापारी हितसंबंध ठेवायला मुभा देणारा ६.२.४ हा नियम सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१५ मध्ये रद्दबातल ठरवला. लीगचे नियम करणारा आणि त्या नियमांखाली खेळणाऱ्या संघामागचा माणूस एकच, अशी ती अडचण होती.

एसेंडन आणि त्या चर्चमध्ये असा कोणता व्यवहार होता? जमीन, प्रायोजकत्व, देणगी, कसलाच मुद्दा पुढे आला नाही. क्लबला म्हणायचं होतं ते वेगळं: आमच्या माणसाची दुसरी संस्था जे शिकवते ते आमच्या मूल्यांशी जुळत नाही. याला मूल्यांचा विसंवाद म्हणावं. त्याची चिंता खरीही असू शकते, पण उपाय वेगळा असतो. हितसंबंधांच्या संघर्षात माणूस त्या ठरावापुरता बैठकीबाहेर जातो आणि काम भागतं. मूल्यांच्या विसंवादात तो बाहेर कुठून कुठून जाणार? म्हणून तिथं आधी विचारायचं असतं की या माणसानं गेल्या नोकरीत समलिंगी सहकाऱ्यांशी कशी वागणूक ठेवली, तक्रारी कशा हाताळल्या. हजारो कर्मचाऱ्यांची बँक चालवलेल्या माणसाबद्दल ही माहिती मिळणं अवघड नव्हतं.

मूल्यांचीच गोष्ट निघाली आहे तर एक आठवण करून द्यायला हवी. १९९५ मध्ये एसेंडनचा आदिवासी खेळाडू मायकेल लाँग यानं मैदानावरच्या वांशिक शिवीची जाहीर तक्रार केली आणि त्यातून लीगनं खेळाडूंसाठी नियम केला. वंश किंवा वर्णावरून हिणवायला त्यात बंदी आहे. त्या यादीत धर्मही आहे.

कायदा पायरी पायरीनं

व्हिक्टोरियात २०१० चा समान संधी कायदा लागू आहे. त्याचं गणित साधारण असं चालतं.

आधी बघायचं, संरक्षित गुणधर्म आहे का. वय, लिंग, लैंगिक कल, अपंगत्व यांच्याबरोबर ‘धार्मिक श्रद्धा किंवा कृती’ हाही त्या यादीत आहे. नुसतं मानणं नव्हे, कायदेशीर धार्मिक कार्यात भाग घेणंही. चर्चचं अध्यक्षपद ही धार्मिक कृती आहे, असा युक्तिवाद करायला त्यामुळे चांगलीच जागा आहे.

मग त्या गुणधर्मामुळे प्रतिकूल वागणूक मिळाली का? तो एकमेव हेतू असण्याची गरज नाही. ठोस कारणांपैकी एक असला तरी पुरतो. मालकाचा हेतू चांगला होता का वाईट, याला महत्त्व नाही.

शेवटी अपवाद. तो देशपातळीवरच्या फेअर वर्क कायद्यात आहे. कामाची जी मूलभूत गरज आहे तीच माणूस भागवू शकत नसेल, तर मालकाला बचाव मिळू शकतो. क्लबला इथं सिद्ध करावं लागलं असतं की चर्चचा अध्यक्ष राहून क्लबचं काम करताच येत नाही.

हा फेअर वर्क कायदा २००९ चा. धर्म हे कारण असल्याचा आरोप झाला, तर ते कारण नव्हतं हे सिद्ध करायचा बोजा त्यात मालकावर येतो. आणि ‘त्यांनी स्वतःच राजीनामा दिला’ असं म्हणून सुटका नाही, कारण माणसापुढे दुसरा मार्गच ठेवला नसेल तर तो राजीनामा बडतर्फीच धरता येतो. ‘एक पद निवडा’ या वाक्याची किंमत इथं कळते. मुदत मात्र आखूड आहे, नोकरी गेल्यापासून २१ दिवस.

थॉरबर्न प्रकरणावर न्यायालयाचा निकाल आलेला नाही, त्यामुळे कोण जिंकलं असतं हे छातीठोकपणे सांगता येत नाही. पण क्लबचा वकील शांत झोपला नसता.

‘पण क्लब खासगी आहे, हवा त्याला ठेवेल’

खासगी संस्थेला निवडीचं स्वातंत्र्य असतं, पण कामावर ठेवणारा मालक म्हणून ती कायद्याखाली येतेच. सूट आहे ती धार्मिक संस्थांना, काही पदांपुरती. चर्चला पाद्री ख्रिस्तीच हवा असू शकतो. फुटबॉल क्लब ही धार्मिक संस्था नाही.

असा कायदा दुसऱ्या बाजूनंही चावतो. ‘ख्रिश्चन यूथ कॅम्प्स’ या संस्थेनं समलिंगी तरुणांसाठी काम करणाऱ्या एका गटाला शिबिराची जागा नाकारली होती. २०१४ मध्ये व्हिक्टोरियाच्या अपील न्यायालयानं संस्थेच्या विरोधात निकाल दिला. श्रद्धा हे कारण तिथं संस्थेला वाचवू शकलं नाही.

‘मशिदीचा विश्वस्त असता तर?’

हा आक्षेप सगळ्यात धारदार आहे. मशिदीचा, सनातनी ज्यूंच्या सिनेगॉगचा किंवा कॅथलिक शाळेच्या मंडळाचा अध्यक्ष निवडला असता तर क्लबनं एका दिवसात तेच केलं असतं का? समलिंगी संबंध आणि गर्भपात यांबद्दल त्या संस्थांची अधिकृत शिकवणही फार वेगळी नाही. ‘नाही’ म्हटलं तर नियम पक्षपाती ठरतो. ‘हो’ म्हटलं तर अर्धेअधिक धर्म पाळणारे, आपल्या समाजात काही पद भूषवणारे लोक क्लबच्या खुर्चीतून बाद होतात. मेलबर्नमध्ये मराठी वस्ती मोठी आहे. तिथल्या एखाद्या मंदिराच्या विश्वस्तानं उद्या अशा नोकरीसाठी अर्ज केला, तर मंदिरात आलेल्या कुठल्या महाराजांच्या कुठल्या प्रवचनाचा जाब त्याला द्यावा लागेल? नियम लिहिताना हा माणूस डोळ्यांपुढे ठेवून लिहावा.

खेळाडू आणि कर्णधार यांचं वेगळं

खेळाडूच्या बाबतीत प्रश्न बहुधा अंगावरच्या कपड्यांचा असतो आणि तो सोडवायच्या वाटा मळलेल्या आहेत. २०१७ मध्ये न्यूझीलंडचा रग्बीपटू सनी बिल विल्यम्स यानं ऑकलंडच्या ब्लूज संघाकडून खेळताना कॉलरवरचा बँकेचा लोगो चिकटपट्टीनं झाकला. तो मुस्लिम, व्याज निषिद्ध. संघटनेनं त्याला बँक, दारू आणि जुगाराच्या जाहिरातींतून सूट दिली, कारण विवेकाला न पटणारी जाहिरात नाकारण्याची तरतूद खेळाडूंच्या सामूहिक करारात आधीच होती. चार दिवस चर्चा झाली आणि विषय संपला.

तरतूद नसली की काय होतं ते जुलै २०२२ मध्ये सिडनीच्या मॅनली या रग्बी क्लबनं दाखवलं. समलिंगींना पाठिंबा म्हणून इंद्रधनुषी पट्ट्यांची जर्सी काढली, पण खेळाडूंना आधी विचारलंच नाही. सात जणांनी धार्मिक कारणानं ती घालायला नकार दिला. संघातल्या सर्वांनी एकसारखीच जर्सी घालायची असा लीगचा दंडक, म्हणून सातही जण बाहेर बसले. मॅनली तो सामना १०–२० हरली. प्रशिक्षकाला खेळाडूंची आणि समलिंगी समाजाची अशा दोघांचीही जाहीर माफी मागावी लागली. महिनाभर आधी एक बैठक घेतली असती तर हे टळलं असतं.

कर्णधार मात्र खेळाडू आणि पदाधिकारी यांच्या मधोमध उभा असतो. डिसेंबर २०२४ मध्ये इप्सविचचा मुस्लिम कर्णधार सॅम मोर्सी यानं इंद्रधनुषी दंडपट्टी घातलीच नाही. क्लबनं त्याच्या श्रद्धेचा आदर करत असल्याचं सांगितलं. क्रिस्टल पॅलेसचा मार्क गेही यानं ती घातली, पण तिच्यावर येशूवरच्या प्रेमाचं वाक्य लिहिलं. गंमत म्हणजे नियमाच्या कात्रीत सापडला तो घालणारा. कारण पोशाखावर धार्मिक मजकूर नको, असं इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेचा नियम म्हणतो. त्याला समज मिळाली, शिक्षा झाली नाही. दोघांचंही कर्णधारपद शाबूत राहिलं.

मुंबईनं हे फार आधी पाहिलं आहे

धर्म आणि क्लबचं नेतृत्व हा विषय आपल्याला नवा नाही. मुंबईच्या जिमखान्यांचं क्रिकेट धर्मावरच उभं होतं. युरोपियन, पारशी, हिंदू, मुस्लिम अशा संघांच्या स्पर्धेत १९३७ पासून ‘द रेस्ट’ म्हणजे उरलेल्यांचा संघ आला. सांगलीचे विजय हजारे ख्रिस्ती, म्हणून ते या उरलेल्यांत. हिंदूंविरुद्ध संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्यांनी काढल्या. १९४६ नंतर ही स्पर्धा बंद पडली.

पण धर्म एक असला तरी खुर्ची मिळतेच असं नाही. पळवणकर बाळू हे आपल्या काळातले सर्वोत्तम डावखुरे फिरकी गोलंदाज, जातीनं चांभार. हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधी मिळालं नाही. १९२० मध्ये भावांनी, विठ्ठल आणि शिवराम यांनी, निषेध म्हणून संघातून अंग काढून घेतलं. विठ्ठल कर्णधार झाले ते १९२३ मध्ये. तेव्हा कुणी ‘मूल्यं’ हा शब्द वापरत नव्हतं इतकंच.

अलीकडचं उदाहरण खार जिमखान्याचं. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांनी जेमिमा रॉड्रिग्जचं मानद सभासदत्व रद्द केलं. तिच्या वडिलांनी जागेत धार्मिक कार्यक्रम घेतल्याचा आरोप होता. जागा रीतसर घेतली होती, असं त्यांचं उत्तर होतं. त्यातली बाजू कुणाची खरी हे बाजूला ठेवू. तिथं निदान बोट ठेवायला लेखी नियम होता, तोही जागेच्या वापराचा, कुणाच्या श्रद्धेचा नव्हे. एसेंडनकडे तसं काही नव्हतं.

भारतात एसेंडनसारखं झालं तर दाद मागणं मात्र कठीण जाईल. घटनेची धर्मावरून भेदभावाला बंदी नोकरीच्या बाबतीत मुख्यतः सरकारला बांधते. खासगी मालकासाठी व्हिक्टोरियासारखा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही.

मग मुलाखतीत विचारायचं काय?

‘कुठल्या चर्चला जाता’ हे विचारायचं नाही. ज्या माहितीवरून भेदभाव होऊ शकतो ती अर्जदाराकडे मागायलाच व्हिक्टोरियात बंदी आहे. विचारायचं ते असं: तुम्ही कोणकोणत्या संस्थांत पद भूषवता, सगळी लिहा. कंपनी, ट्रस्ट, देवस्थान, मंडळ, सगळं एकाच रकान्यात आणि प्रत्येक अर्जदाराकडून. मग त्यातल्या प्रत्येक संस्थेशी क्लबचा काही व्यवहार आहे का ते तपासायचं. असेल तर त्या विषयापुरतं कोण बाहेर जाईल ते लिहून ठेवायचं.

त्यानंतर क्लबचं वर्तनधोरण उमेदवारापुढे ठेवायचं. ‘तुम्ही हे मानता का’ असं नाही, तर ‘हे राबवाल का, आणि आधी कुठं राबवलंत’ असं. एखादी समलिंगी खेळाडू तक्रार घेऊन आली तर पहिल्या दिवशी काय कराल, असा सरळ प्रसंग द्यायचा. उत्तर टिपून ठेवायचं. धोरण राबवायला तो नकार देत असेल तर नेमणूक न करण्याचं कारण त्याचा धर्म नाही, त्याचं काम आहे, आणि ते कागदावर दाखवता येतं.

संस्थेबद्दल जाहीर काय उपलब्ध आहे तेही मंडळानं नाव जाहीर करण्याआधी वाचायचं आणि खटकलं तर उमेदवाराशी तेव्हाच बोलायचं. प्रवचनाबद्दल आपल्याला त्याच सकाळी कळलं, असं एसेंडनचं निवेदन सांगतं. ते प्रवचन नऊ वर्षं जुनं होतं आणि चर्चच्या संकेतस्थळावर कुणालाही ऐकायला खुलं होतं. पत्रकारांनी तेच केलं, फक्त मंडळाच्या बैठकीनंतर.